पोट भरलं, ताट उरलं

१. दारातून विचारलेला प्रश्न

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी वहीत लिहून नेले होते. दवाखान्यात किती दिवस, ऑफिसला कधीपासून, टाके किती. सगळे विचारून झाले, पर्स उचलली, आणि दारापर्यंत पोचल्यावर मागे वळून म्हटलं, "आणि डॉक्टर, हॉटेलात जाता येईल ना?" ते हसले. "दोन-अडीच महिन्यांनी जा की. थोडं खायचं, सावकाश खायचं, एवढंच."

पुढे माझ्यासारख्या बऱ्याच जणांशी बोलणं झालं. हा प्रश्न बहुतेकांनी असाच, जाता जाता, जरा ओशाळून विचारलेला असतो. ऑपरेशन करून घ्यायचं खाणं आवरण्यासाठी आणि चौकशी करायची हॉटेलची, हे शोभत नाही असं वाटतं. पण चौकशी खाण्याची नसतेच फारशी. वाढदिवस, मुलाच्या नोकरीची पार्टी, दोन वर्षांनी भेटणारी बहीण, महिन्याची भिशी, हे सगळं आता हॉटेलच्या टेबलावर होतं. त्या टेबलावरची आपली खुर्ची शाबूत राहील का, हे विचारायचं असतं. त्याचं उत्तर 'सावकाश खा' यात मिळत नाही.

२. वाटीचं माप

आधी पोटात काय बदललं ते पाहू, कारण मनाच्या अर्ध्या तक्रारी तिथून सुरू होतात.

धडधाकट मोठ्या माणसाच्या जठरात एका जेवणाला लिटरभर ऐवज सहज मावतो. 'स्लीव्ह' नावाच्या ऑपरेशनात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी वेगळी करून लहान आतडं थेट तिला जोडतात. त्या पिशवीत सुरुवातीला ३० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे दोन मोठे चमचे मावतात. घरातली आमटीची वाटी डोळ्यांसमोर आणा. पहिले काही महिने तुमचं जेवण त्या वाटीच्या तळाशी असतं. पुढे जागा थोडी वाढते, पण वाटीची पातेली होत नाही.

दुसरा बदल दिसत नाही. जठराच्या वरच्या फुगीर भागात 'घ्रेलिन' नावाचं संप्रेरक तयार होतं. संप्रेरक म्हणजे शरीरातला निरोप्या. हा मेंदूला 'भूक लागली' असा निरोप देतो. जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये तो शोधून काढला. स्लीव्हमध्ये नेमका हाच भाग जातो, त्यामुळे पुष्कळांच्या पोटात कित्येक महिने कावळे ओरडतच नाहीत. चार वाजले तरी जेवणाची आठवण नाही, अशी अवस्था असते.

घरचे यावरून सोपं अनुमान काढतात: भूकच नाही, मग हॉटेलात त्रास कसला?

३. पाव्हलॉव्हचा कुत्रा आणि शेजारच्या टेबलावरचा डोसा

इवान पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचं नाव घंटेशी जोडलं गेलंय, पण त्याला १९०४ चं नोबेल पारितोषिक मिळालं ते पचनावरच्या संशोधनासाठी. त्यातला एक प्रयोग आपल्या कामाचा आहे. त्यानं कुत्र्याच्या अन्ननलिकेला गळ्यापाशी अशी वाट काढून दिली, की खाल्लेला घास तिथूनच बाहेर पडावा. कुत्रा चवीनं खातोय आणि पोटात कणही पोचत नाही. तरीही जठरात पाचक रस भरभरून सुटला. अन्न पोटात पडायच्या आधी डोळे, नाक आणि जीभ यांनी काम सुरू केलेलं होतं.

म्हणजे भुकेचे निरोपे एकाहून जास्त आहेत. पोटातला निरोप्या ऑपरेशननं गप्प केला. डोळ्या-नाकातला तसाच आहे, आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या सवयीनं फार हुशार झालाय. शेजारच्या टेबलावर तव्यावरून उतरलेला डोसा येतो, लोण्याचा गोळा त्यावरून घसरत असतो, आणि तुमच्या तोंडाला पाणी सुटतं. लगेच मनात येतं, 'माझं ऑपरेशन फसलं वाटतं.' फसलेलं नाही. कात्री पोटावर चालली, आठवणींवर चालत नाही.

या भुकेला 'डोक्याची भूक' म्हणतात. ओळखायची एक घरगुती खूण आहे. मनाला विचारा, 'आत्ता मऊ मुगाची खिचडी समोर आली तर खाशील?' हो म्हणालं तर भूक पोटाची आहे. 'छे, मला तो डोसाच हवाय' म्हणालं तर डोक्याची.

आणि डोक्याची भूक लागणं हा काही गुन्हा नाही. डोश्याचा कुरकुरीत कोपरा मोडून खाल्लात तर चव पुरती मिळते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं, की एकच पदार्थ खात गेलं की त्याची गोडी उतरत जाते, न खाल्लेल्या पदार्थांची मात्र तेवढी उतरत नाही. गच्च जेवल्यावरही बासुंदीला जागा असते ती यामुळे. याची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. सगळ्यात जास्त आनंद पहिल्या दोन-तीन घासांत असतो, आणि तेवढे घास तुमच्या वाट्याला अजून आहेत.

४. उरलेली पंचावन्न मिनिटं

एक छोटं गणित करू. समजा तुमचं जेवण शंभर ग्रॅमचं आहे. लहान घास सात-आठ ग्रॅमचा, म्हणजे तेरा घास. प्रत्येक घास बारीक चावून, चमचा खाली ठेवून, दीड मिनिट. वीस मिनिटांत जेवण संपलं. टेबलावरची बाकी मंडळी सूपपासून बडीशेपेपर्यंत सव्वा तास बसणार. उरली पंचावन्न मिनिटं.

हॉटेलातलं खरं रडू या पंचावन्न मिनिटांत असतं. एरवी बोलणं अडलं की माणूस पापड मोडतो, काकडी उचलतो, पाण्याचा घोट घेतो. तुमच्याकडे पापड नाही, आणि जेवताना व त्यानंतर साधारण अर्धा तास पाणीही नाही, कारण पाण्यानं ती इवलीशी जागा अडते. हात मांडीवर. समोर पाच जण जेवतायत आणि आपण लग्नाच्या फोटोत बसल्यासारखे बसलोय.

माझा उपाय उशिरा सुरू करण्याचा. स्टार्टर जाऊ द्यायचे, त्या वेळात वन बाय टू सूपमधला अर्धा वाटा चमच्या-चमच्यानं लांबवायचा, आणि मुख्य जेवण आलं की आपले तेरा घास काढायचे. सगळ्यांबरोबर संपतात. काही जण वाढायचं काम अंगावर घेतात. हात गुंततात, ताटाकडे कुणाचं लक्ष जात नाही. बायकांनी मात्र हे जपून करावं. एकदा वाढायला उठलेली बाई आपल्याकडे परत बसलेली कुणी पाहिलेली नाही.

मागवायचं काय? प्रथिनं आधी, हा नियम घरच्यासारखाच: तव्यावरचं पापलेट, पनीर टिक्क्याची हाफ प्लेट, मऊ अंडं, उसळ. पाव, नान, मोकळा न झालेला चिकट भात आणि सुकं चिवट चिकन यांच्याशी सुरुवातीला वैर असतं. मेन्यू घरीच फोनवर पाहून ठरवून गेलात तर टेबलावर मनाची ओढाताण निम्मी होते.

५. ताटाचं सुतक

माझं पहिलं हॉटेल ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात झालं. दिराच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, आणि त्यांनी ठरवलेली अनलिमिटेड थाळी. बसल्याबरोबर पितळेचं ताट आणि कडेनं नऊ वाट्या. वाढपी एकामागून एक येऊन गेले: कढी, डाळ, उंधियो, दोन भाज्या, ढोकळा, छोटे फुलके, वर तुपाची धार. मी 'थोडं' म्हणेपर्यंत वाट्या भरलेल्या. डाळ दोन चमचे, मटकीची उसळ तीन, ढोकळ्याचा एक तुकडा. बाराव्या घासाला नाक वाहायला लागलं. पोट भरल्याची ही खूण आमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कुणाला शिंक येते, कुणाला उचकी. मी हात थांबवला. नऊच्या नऊ वाट्या जवळजवळ भरलेल्या. वाढपी मुलगा वाकून म्हणाला, "ताई, काही आवडलं नाही का?"

मला रडू आलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. घरी जाताना रिक्षात नवऱ्यानं विचारलं, "अगं, पोट तर भरलं ना?" भरलं होतं. आपल्या भाषेनं हा भेद आधीच करून ठेवलाय: पोट भरणं वेगळं, मन भरणं वेगळं. इतकी वर्षं दोन्ही एकदम व्हायचं, म्हणून दोन शब्द कशाला लागतात ते कळलं नव्हतं.

त्या रडण्याला योग्य शब्द शोक हा आहे. यावर कुणी हसलं तर हसू द्या. दहावीचा निकाल लागला तेव्हा वडिलांनी नेलेलं हॉटेल, बाळंतपणानंतर माहेरी खाल्लेले डिंकाचे लाडू, भांडण झाल्यावर रात्री अकराला एकटीनं उभं राहून खाल्लेली पावभाजी. सुखात आणि दुःखात सोबत करणारं, कधीही नाही न म्हणणारं कुणीतरी गेलेलं असतं. ते आपल्या तब्येतीला घातक होतं, म्हणून काही त्याची आठवण थांबत नाही. दारू सोडलेल्या माणसालाही ग्लासची आठवण येते. पण त्याला पुन्हा कधी प्यावं लागत नाही. आपल्याला रोज तीनदा त्याच मित्राच्या दारावरून जायचं आहे आणि दोन मिनिटं बोलून निघायचं आहे.

शोकाचं काय करतात? त्याला वेळ देतात. 'एवढे पैसे घालून ऑपरेशन केलं, तब्येत सुधारली, आता रडायचं कशाला' असं स्वतःला दटावू नका. साखर आटोक्यात आल्याचा आनंद आणि मिसळीची आठवण एकाच घरात राहू शकतात. आणि पहिल्याच खेपेला अनलिमिटेड थाळीला जाऊ नका. माहेरच्या वाड्यातलं पिढीजात सामान विकायला काढलं त्या दिवशी तिथे पाहुणचाराला जाण्यासारखं आहे ते.

६. "घे गं, एवढ्यानं काय होतंय"

आग्रह हा आपला जुना शिष्टाचार. नाही म्हणणाऱ्याला तीनदा विचारायचं, तिसऱ्यांदा ताटात टाकायचं, आणि टाकलेलं संपवायचं कारण अन्न वाया घालवू नये. हे तिन्ही नियम एकाच वेळी अंगावर येतात. त्यातून आग्रह करणारी जाऊबाई असेल, तर पाच घास जास्तीचे ही नात्याची किंमत वाटते.

कुणाला काय सांगायचं हे आधी ठरवून ठेवावं, कारण तोंडात घास असताना धोरण ठरत नाही. मी तीन उत्तरं ठेवली. वाढप्याला: "थोडंच वाढा, पथ्य आहे." पथ्य हा आपल्याकडचा फार उपयोगी शब्द आहे, त्यापुढे कुणी प्रश्न विचारत नाही. अमेरिकेत काही रुग्णालयं 'या व्यक्तीला लहान वाटा द्यावा' असं कार्ड देतात, आपल्याकडे हा एक शब्द पुरतो. ओळखीच्यांना: "छान आहे, चव घेतली, आता बास." जवळच्यांना मात्र खरं काय ते, आणि तेही हॉटेलात न सांगता आधी घरी, चहावर. ऑपरेशनचं सांगायचं की नाही हा सर्वस्वी तुमचा प्रश्न. सांगितलं की एखादा 'म्हणजे शॉर्टकट मारलास' म्हणणार, हे गृहीत धरा.

आग्रहाची उलटी बाजूही असते, आणि ती मला जास्त लागली. 'हिला कशाला बोलवायचं, बिचारी काय खाणार?' ही काळजी असते, दुष्टावा नसतो, पण परिणाम एकच: खुर्ची गेली. तेव्हा आपणच फोन करून 'मी येणार आहे, माझ्यासाठी काही वेगळं करू नका' म्हणावं. काही मैत्र्या मात्र खरंच केवळ खाण्यावर उभ्या असतात. शनिवारी रात्री बिर्याणी हाच ज्यांच्याशी असलेला दुवा, त्यांच्याशी बिर्याणीशिवाय काय बोलायचं हे कळेनासं होतं. अशा एका मैत्रिणीबरोबर मी आता टेकडीवर जाते. दुसरी सुटली.

७. सगळे बघतायत का?

भरलेलं ताट परत पाठवताना अख्खं हॉटेल आपल्याकडे पाहतंय असं वाटतं. २००० साली थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. शर्ट किती जणांच्या लक्षात आला असेल? घालणाऱ्यांचा अंदाज जवळजवळ निम्म्यांच्या. प्रत्यक्षात साधारण पाव जणांच्या.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे पूर्वी लोक खरोखरच बघायचे. जाड माणूस हॉटेलात काय मागवतो हे पाहणं हा लोकांचा आवडता उद्योग आहे. तेव्हा 'एवढं खातेय' म्हणून बघायचे, आता 'एवढंसंच खातेय' म्हणून बघतील असं वाटतं. ती भीती मनाची कल्पना नाही, जुना अनुभव आहे. फक्त तो अनुभव आता जुना झालाय.

८. बिल

थाळी ४५० रुपयांची. तुम्ही खाल्लं अंदाजे साठ रुपयांचं. ३९० बुडाले? मन लगेच 'पैसे वसूल' करायला निघतं: अजून दोन चमचे, निदान गुलाबजाम तरी. पण ४५० रुपये बसल्या क्षणीच गेलेत. जास्त खाऊन ते परत येत नाहीत. वर ओकारी मात्र येते. बहुतेक थाळीवाले दोघांत एक ताट चालू देत नाहीत, पार्सलही देत नाहीत. म्हणून सोपं म्हणजे अ-ला-कार्ट हॉटेल निवडावं: हाफ प्लेट घ्यावी, दोघांत घ्यावी, उरलेलं पार्सल करावं. पार्सलची लाज सोडून द्या. सहा टिक्क्यांतले दोन इथे, दोन उद्या दुपारी, दोन रात्री. त्याच पैशांत तीन जेवणं झाली.

ग्रुपमध्ये बिल समान वाटायचं असेल तर? मी निमूट देते. माझ्या हिशेबात ते खुर्चीचं भाडं आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आधीच सांगावं. तेही योग्यच आहे.

९. एकदा अडकलं की

घाईत गिळलेला घास अडकतो. छातीच्या मधोमध दाब, तोंडात फेसाळ लाळ, घाम, आणि मग बाथरूमची वाट. बायपास झालेल्यांना गोड जास्त झालं तर दहा मिनिटं ते अर्ध्या तासात धडधड, पोटात कळ, जुलाब होऊ शकतात, कारण साखर आतड्यात एकदम ओतली जाते. याला 'डंपिंग' म्हणतात. कधी एक ते तीन तासांनी रक्तातली साखर उतरून थरथरही होते. हे एकदा चारचौघांत झालं, की पुढे हॉटेलचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो. पडलेलं मूल सायकलला हात लावत नाही तसं. पुन्हा बसायचं ते पायरीनं: आधी एका माणसाबरोबर दुपारी, गर्दी नसताना, सूप किंवा ताक; मग हाफ प्लेट; मग चार जण. बसायला कडेची जागा घ्या, बाथरूम कुठे आहे ते पाहून ठेवा. पाहून ठेवल्यावर बहुधा लागत नाही.

दारूबद्दल स्पष्ट बोलायला हवं. विशेषतः बायपासनंतर दारू फार लवकर आणि जास्त चढते, आणि खाण्याची जागा पिण्यानं घेतल्याची उदाहरणं डॉक्टरांना चांगली माहीत आहेत. टेबलावर हाताला काम नाही म्हणून ग्लास धरू नका.

हॉटेल टाळण्यापलीकडे गोष्ट गेली असेल, म्हणजे घास चावून थुंकणं, मुद्दाम उलटी काढणं, आठवडेच्या आठवडे उदास वाटणं, जगावंसं न वाटणं, तर ते एकट्यानं सोसू नका. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना सांगा, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते.

१०. भिशी

आमची भिशी बारा जणींची, दर महिन्याला ज्या हॉटेलात ठरेल तिथे. ऑपरेशननंतर मी पाच महिने पैसे फोनवरून पाठवून दिले आणि गेले नाही. सहाव्या महिन्यात चिठ्ठी माझ्या नावाची निघाली, तेव्हा न जाऊन चालणार नव्हतं. कडेची खुर्ची धरली. शेजारणीबरोबर वन बाय टू सूप सांगितलं, पनीर टिक्का हाफ. कुणीतरी विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "पथ्य आहे." ती मान डोलावून स्वतःच्या कुलच्याकडे वळली.

मग शेजारीण तिच्या सासरच्या जमिनीच्या खटल्याचं सांगू लागली. चुलत सासऱ्यांनी सात-बाऱ्यावर परस्पर नाव कसं चढवलं, तलाठ्यानं काय सांगितलं, तारखेला वकीलच कसा आला नाही, आणि शेवटी सत्तरीच्या सासूबाई उभ्या राहून न्यायाधीशांना काय म्हणाल्या. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. खाली पाहिलं तर सूपवर साय धरली होती. मी वेटरला हाक मारली, "जरा गरम करून आणता का?"